यादीतल्या प्रत्येक नावापुढे दुसरं नाव

कळव्याच्या डोंगर-उतारावरच्या चाळींत काम करणाऱ्या एका मंडळाच्या कार्यकर्त्याने विचारलं आहे: "अतिवृष्टीचा इशारा आला की आम्ही लोकांना खालच्या शाळेत हलवतो. पण दरवर्षी येणारी माणसं तीच. म्हातारी माणसं, अपंग, आजारी, गरोदर बायका, नव्याने भाड्याने आलेली कुटुंबं वरच राहतात. पुढे पंचनाम्याच्या यादीतही नेमकी त्यांचीच नावं नसतात. मदत सगळ्यांपर्यंत पोहोचवायची तर सुरुवात कुठून करायची? आणि महापालिकेकडे, जिल्हाधिकारी कार्यालयाकडे नेमकं काय मागायचं?"

दादा, मी ठाणे आणि नवी मुंबईतल्या वस्त्यांमध्ये याच कामात आहे. आधी अपंगांच्या संघटनेबरोबर होते, नंतर पूर्वतयारी आणि पुनर्वसनाकडे वळले. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. बहुतेक ठिकाणी किती लोक हलवले एवढंच मोजतात, मागे कोण राहिलं हे कुणी विचारत नाही. उत्तर लांबणार आहे, म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. नुसती यादी करून भागत नाही. यादीतल्या प्रत्येक नावापुढे दुसरं एक नाव लागतं: पाऊस वाढला की त्या दारात जाणाऱ्या माणसाचं. हे दुसरं नाव मे महिन्यात ठरलेलं नसेल तर जुलैच्या रात्री ते ठरत नाही.

आधी न येणाऱ्यांबद्दल. ते हट्टी असतात, घर सोडवत नाही म्हणून बसून राहतात, असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात विचारायला गेलं की कारण बहुतेक वेळा आपण केलेल्या सोयीतच सापडतं. तुमच्याच भागातल्या एका चाळीत एक आजी दोन पावसाळे खाली यायला तयार नव्हत्या. मुलगा विनवायचा, कार्यकर्ते चिडायचे. उन्हाळ्यात त्यांच्या ओट्यावर निवांत बसून विचारलं तेव्हा त्यांनी हळूच सांगितलं. शाळेचे संडास मैदानापलीकडे, चार पायऱ्या उतरून, आणि उकिडवं बसायचे. त्यांचे गुडघे वाकत नाहीत. पूर्वी एकदा नेलं होतं तेव्हा संडासला जावं लागू नये म्हणून त्यांनी रात्रभर पाणी प्यायलं नव्हतं, आणि सकाळी चक्कर येऊन पडल्या होत्या. मुलासमोर हे बोलायची लाज वाटत होती. पुढच्या पावसाळ्याआधी आम्ही मेडिकलवाल्याकडून भाड्याने कमोडची खुर्ची आणली, व्हरांड्याला लागून असलेल्या वर्गात चादरीचा आडोसा केला, बादली-मग ठेवला आणि मे महिन्यातच आजींना नेऊन तो वर्ग दाखवला. इशारा आला त्या दिवशी त्या स्वतःची पिशवी भरून बसल्या होत्या. त्यांच्याबरोबर आणखी दोघी आल्या, ज्यांचं नाव आमच्या कुठल्याच यादीत नव्हतं.

म्हणून सुरुवात घरोघरच्या विचारपुशीने करा, आणि ती उघडीप असताना करा. कागद छोटा ठेवा. आजार काय, हे लिहू नका. काय लागतं, ते लिहा. "टीबी" लिहायची गरज नाही, "रोजची गोळी, चुकवून चालत नाही" एवढं पुरतं. "अर्धांगवायू" ऐवजी "दोघांनी उचलावं लागतं, डाव्या बाजूने धरायचं नाही" असं लिहिलं तर रात्री टॉर्चच्या उजेडात वाचणाऱ्या पोराला त्याचा उपयोग होतो. एकटी राहणारी बाई, एचआयव्हीची औषधं घेणारा माणूस, मानसिक आजाराचे उपचार चालू असलेली मुलगी, यांची माहिती चुकीच्या हातात गेली तर मदतीपेक्षा त्रासच जास्त होतो. त्यामुळे यादी कागदावर, दोनच प्रती, कुणाकडे आहेत ते ठरलेलं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ती कधीच टाकू नका. नाव नोंदवायचं की नाही हे त्या माणसाला विचारा, घरच्यांना नाही.

सरकारकडे यातल्या बऱ्याच नोंदी आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या टेबलांवर पडून आहेत. दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डाची नोंद एकीकडे, संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे लाभार्थी तहसीलदारांकडे, गरोदर आणि बाळंत बायका आशाताई आणि अंगणवाडी सेविकांकडे. नवी मुंबईत महापालिकेचं वाशीचं ईटीसी केंद्र आहे, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचं. तिथे येणाऱ्या पालकांना गाठलं तरी कितीतरी घरं कळतात. मतदान केंद्रस्तरीय अधिकारीही दिव्यांग आणि वयोवृद्ध मतदार कुठे राहतात ते जाणून असतात, कारण निवडणूक आयोगाने त्यांच्यासाठी घरून मतदानाची सोय केली आहे. या सगळ्यांना तुमच्या यादीची नक्कल देऊ नका, त्यांची नक्कलही मागू नका, ती मिळणार नाही आणि मिळूही नये. आशाताईला फक्त एवढं म्हणा, "आमच्या गल्लीत कुणी राहून गेलंय का, त्यांना विचारून आम्हाला सांगाल का?" ती सांगते.

आता कायद्याचं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये कलम ८ आहे. आपत्तीत दिव्यांगांना इतरांइतकंच संरक्षण मिळालं पाहिजे, असं ते म्हणतं. त्याच कलमानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी सोय करायची. या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. म्हणजे तुम्ही मागताय ती गोष्ट त्यांच्यावर कायद्याने टाकलेलं काम आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१९ मध्ये याच विषयावर वेगळ्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. अर्ज लिहिताना दोन्हींचा उल्लेख करा.

दुसऱ्या नावाकडे येते. मंडळाची पोरं उत्साहाने सगळ्या घरांपुढे आपलीच नावं लिहितात. पण ती सकाळी सातच्या लोकलने कामाला गेलेली असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद पडल्या, रस्ते तुंबले आणि ठाण्या-कळव्याची कमावती माणसं मुंबईत अडकून पडली. घरी होत्या बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. म्हणून दिवसाचं नाव वेगळं आणि रात्रीचं वेगळं ठेवा. दिवसाचा माणूस म्हणजे जो दिवसभर गल्लीतच असतो: किराणा दुकानदार, पिठाच्या गिरणीवाले काका, घरी शिलाई करणारी ताई, अंगणवाडीची मदतनीस. त्याचं दार यादीतल्या घरापासून हाकेच्या अंतरावर असावं. नावं दोन असावीत, कारण एक माणूस गावाला गेलेला असतो. आणि दोघांनी उन्हाळ्यात एकदा त्या घरी जाऊन चहा प्यायलेला असावा. अनोळखी माणसाच्या हातात आपलं शरीर कुणी सहज देत नाही, विशेषतः बायका.

उचलण्याची पद्धतही तेव्हाच विचारून घ्या. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका तरुणाने आमच्या पोरांना समोर बसवून शिकवलं होतं: चाकाला धरायचं नाही, हातटेकूला तर नाहीच, तो निखळून हातात येतो. खुर्ची मागे कलती करून मजबूत नळीला धरायचं, आणि उतारावर खुर्चीतल्या माणसाचं तोंड चढाकडे ठेवायचं. घाईत पोरं माणसाला पाठीवर घेतात आणि खुर्ची घरातच राहते. मग तो माणूस सुरक्षित जागी पोहोचतो, पण तिथे एका सतरंजीवर अडकून पडतो, प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्याला हाक मारत. खुर्ची, कुबड्या, काठी, श्रवणयंत्र आणि त्याचे सेल, चष्मा, दातांची कवळी, हे सगळं माणसाबरोबरच निघालं पाहिजे. कागदावर तसं लिहून ठेवा.

इशाऱ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे थोड्या खर्चात खूप सुधारता येतं. "ठाणे जिल्ह्यात ऑरेंज अलर्ट" एवढं वाचून कुणाला काय करायचं ते कळत नाही. निरोपात कुणी, कधी, कुठे आणि बरोबर काय, हे हवं. असा: "आज दुपारी दोनला मोठी भरती आहे, पाऊस चालूच राहणार आहे. वरच्या तिन्ही गल्ल्यांतल्या सगळ्यांनी अकरापर्यंत शाळेत या. औषधं, चष्मा, काठी, कागदपत्रं आणा. चालता येत नसेल तर या नंबरवर फोन किंवा मेसेज करा, आम्ही न्यायला येतो." हाच निरोप हिंदीत द्या, मुंब्र्याच्या बाजूला उर्दूतही. दगडखाणी आणि बांधकामांवर कानडी, तेलुगू, बंजारा बोलणारी कुटुंबं असतात. त्यांच्यातल्याच एका बाईच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. वस्तीतल्या ओळखीच्या आवाजावर लोकांचा विश्वास बसतो.

आणि हा निरोप चित्र करून पाठवू नका. आपल्याकडे प्रत्येक सूचना रंगीत बॅनर बनवून फिरते, खाली चार जणांचे फोटो. दृष्टिहीन माणसाचा फोन मजकूर वाचून दाखवतो, चित्रातली अक्षरं त्याला बहुतेक वेळा वाचता येत नाहीत. साधा टाइप केलेला मजकूर आणि सोबत आवाजी संदेश, दोन्ही पाठवा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी उलटं. भोंगा, मशिदीचा किंवा देवळाचा लाऊडस्पीकर, गाडीवरून दिलेली सूचना, यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. दिघा-ऐरोलीच्या बाजूला एका चाळीत नवरा-बायको दोघांनाही ऐकू येत नाही. रात्री दार ठोठावून उपयोग नाही. तिथे शेजारणीने त्यांच्याशी बोलून ठरवलंय: खिडकीतून टॉर्चचा झोत समोरच्या भिंतीवर वर-खाली फिरवायचा, पाच मिनिटांत उठले नाहीत तर तिच्याकडच्या किल्लीने दार उघडायचं. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक फोनवर बोलता येणाऱ्यांसाठी ठीक आहे. बोलता-ऐकता न येणाऱ्यासाठी मेसेज आणि व्हिडिओ कॉल घेणारा मोबाइल नंबर हवा, आणि सांकेतिक भाषा जाणणाऱ्याचा संपर्क कक्षाकडे हवा. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाक् आणि श्रवण दिव्यांगांसाठीची. प्रशिक्षित दुभाष्यांबद्दल तिथे विचारता येतं. हे तुमच्या मागणीपत्रात घाला.

निवाऱ्याच्या शाळेबद्दल एक युक्ती. निवडणुकीच्या दिवशी याच महापालिका शाळांत रॅम्प येतो, व्हीलचेअर येते, तळमजल्यावर बूथ लागतो, रांगेत खुर्च्या असतात. म्हणजे ही सोय करता येते, यंत्रणेला ती माहीत आहे, सामान कुठून आणायचं तेही माहीत आहे. वॉर्ड ऑफिसात जाऊन तेच मागा: मतदानाच्या दिवशी जे होतं ते १ जून ते ३० सप्टेंबर तयार ठेवा. हा मुद्दा अधिकाऱ्यांना चटकन पटतो असा माझा अनुभव आहे.

निवाऱ्यात आणखी काय बघायचं? संडासच्या वाटेवर रात्री दिवा हवा आणि दाराला आतून कडी. बायकांसाठी वेगळी खोली, तिथे पॅड आणि ते टाकायला झाकणाची बादली. अंगावर पाजणाऱ्या आईला आडोसा. एक खोली शांत ठेवा, स्वमग्न मुलांसाठी, मानसिक आजार असलेल्यांसाठी, स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांसाठी. गर्दी, ट्यूबलाइट आणि माइकवरचा आवाज त्यांना सहन होत नाही. मग घरचे त्यांना घेऊन पावसातच परत वर जातात. तृतीयपंथी व्यक्तीला कुठे झोपायचं ते तिलाच विचारा आणि इतरांच्या शेऱ्यांपासून तिला सांभाळायची जबाबदारी एका कार्यकर्त्यावर द्या. मधुमेह असलेल्यांना वडापाव आणि चहावर दोन दिवस काढायला लावू नका, डाळ-भात-भाजी हवी. इन्सुलिन ठेवायला बर्फाचा डबा. डायलिसिसवर असलेल्या माणसाची तारीख कधी आहे हे यादीत असलं की पाणी वाढण्याच्या आधल्या दिवशीच त्याला रुग्णालयाजवळच्या नातेवाइकाकडे पाठवता येतं. घरी ऑक्सिजनच्या मशिनवर असलेल्यांचंही तसंच, वीज गेली की त्यांना वेळ नसतो. आणि शेळ्या-कोंबड्यांसाठी जागा ठेवा. येऊरच्या पाड्यांवर किंवा डोंगर-उतारावर अनेक घरांची तीच सगळी शिल्लक असते. ती सोडून या म्हटलं तर कुणी येणार नाही.

एक गोष्ट मी कधीच खपवून घेत नाही. निवाऱ्यात काही कुटुंबांना "तुम्ही तिकडे कोपऱ्यात बसा" म्हटलं जातं. कातकरी, भटकी कुटुंबं, सफाई कामगार, कधी धर्म बघून. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ६१ सांगतं की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करायचा नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापून शाळेच्या दारावर लावा. जेवणाच्या रांगेत वाद झाला की त्याकडे बोट दाखवायला बरं पडतं.

यादी कधी करायची हेही सांगते. आपल्याकडे भाड्याचे करार अकरा महिन्यांचे, आणि शाळा संपल्यावर मे-जूनमध्ये लोक खोल्या बदलतात. म्हणजे एप्रिलमध्ये केलेली यादी पहिल्या मोठ्या पावसापर्यंत जुनी झालेली असते. एप्रिल-मेमध्ये पहिली फेरी आणि जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात फक्त नव्या भाडेकरूंसाठी दुसरी फेरी करा. ही दुसरी फेरी टाळू नका. कळव्यात जुलै २०२१ मध्ये घोलाईनगरला दरड कोसळून एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. शिळफाट्याला लकी कंपाउंडची इमारत ४ एप्रिल २०१३ ला कोसळली आणि ७४ जण मेले. ती इमारत अजून बांधून पूर्ण झाली नव्हती, तरी आत मजूर आणि इतर कुटुंबं राहत होती. अशा ठिकाणी राहणाऱ्यांची नोंद मतदारयादीत नसते, घरपट्टीत नसते, बहुतेक वेळा शेजाऱ्यांनाही नावं ठाऊक नसतात. तुमची फेरी हीच त्यांची एकमेव नोंद असू शकते.

धोकादायक इमारतींचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो याच धाग्यातला आहे. दरवर्षी पावसाआधी ठाणे आणि नवी मुंबई महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. लोक बाहेर पडत नाहीत. ४ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे नौपाड्यात इमारत कोसळून १२ जण गेले, त्यानंतरही पडत नाहीत. त्यांना मरणाची भीती नाही असं थोडंच आहे. एकदा बाहेर पडलो की खोलीवरचा हक्क गेला, ही भीती मोठी असते, आणि जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत ती निराधार नाही. बाहेर काढण्याआधी त्या माणसाच्या नावाने, किती क्षेत्रफळाची जागा त्याच्या ताब्यात होती ते लिहिलेला, सही-शिक्क्याचा कागद महापालिकेकडून हातात द्या. विधवा सासूच्या किंवा वेगळं राहणाऱ्या सुनेच्या ताब्यातली खोली असेल तर तिचं नाव त्यात येतंय ना, ते डोळ्यांनी बघा. आणि संक्रमण घर, म्हणजे तात्पुरतं राहायला दिलेलं घर, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असलेलं मिळालं, तर पाय अधू असलेल्या माणसाच्या दृष्टीने ते मिळालंच नाही. वाटपाच्या सोडतीआधी तळमजल्याच्या खोल्या बाजूला काढायला सांगा.

आता पाणी उतरल्यानंतरचं. माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात. बचावाच्या वेळी टीडीआरएफचे, म्हणजे ठाण्याच्या आपत्ती प्रतिसाद दलाचे, जवान कागद विचारत नाहीत. पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा सगळं कागदावर येतं.

तो येतो सकाळी अकराला. घरकामाला गेलेली बाई तेव्हा चार घरची भांडी घासत असते, कारण पुरानंतर खाडा केला तर काम जातं. दाराला कुलूप दिसतं, नाव राहून जातं. भाडेकरूच्या घरात चिखल होतो, आणि पंचनाम्याला घरमालक येऊन उभा राहतो. भिजली ती भाडेकरूची गादी, शिलाई मशिन, मुलांची पुस्तकं. नाव लागतं मालकाचं. म्हणून पाणी उतरलं की साफसफाईच्या आधी प्रत्येक घराचे फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची खूण, खराब झालेलं सामान आणि त्याच चौकटीत तिथे राहणारा माणूस उभा. फोनमध्ये तारीख आपोआप राहते. वीजबिल नसेल तर गॅसची पावती, मुलाच्या शाळेचा दाखला, अंगणवाडीचं कार्ड, शेजारच्या दोघांचा जबाब, जे आहे ते जोडा. तलाठ्याला संध्याकाळी किंवा रविवारी एक फेरी करायची लेखी विनंती करा, आणि कुलूप असलेल्या घरांची यादी तुम्हीच त्याच्या हातात द्या. तुमच्या पहिल्या यादीतलं प्रत्येक नाव पंचनाम्यात आलं का, हे ताडून बघा. दोन कागद शेजारी ठेवले की कोण सुटलं ते लगेच दिसतं.

मदतीच्या रकमाही माहीत असू द्या. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपये, आपत्तीत ४० ते ६० टक्के अपंगत्व आल्यास ७४ हजार आणि ६० टक्क्यांहून जास्त असल्यास अडीच लाख रुपये आहेत. यात मेख अशी की अपंगत्वाची टक्केवारी आणि कारण सरकारी डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. जखमी माणसाला जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं असेल तर हरकत नाही, जीव आधी. पण केसपेपरवर "दरड कोसळून" किंवा "घर पडून जखमी" असं लिहिलं गेलं पाहिजे. नुसतं "पडल्याने दुखापत" लिहिलेल्या कागदाने पुढे सहा महिने घरच्यांना कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. हे काम त्या पहिल्या तासात, रुग्णालयात सोबत गेलेल्या कार्यकर्त्याचं.

नवी मुंबईच्या कोळीवाड्यांत होडी आणि जाळ्यांची नोंद पुरुषांच्या नावे होते. मासळी सुकवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांचं भिजलेलं भांडवल कुठल्याच रकान्यात बसत नाही. फेरीवाले आणि घरगुती खानावळ चालवणाऱ्या बायकांचंही तेच. मंडळाकडे जमलेला पैसा सगळ्यांना सारखा वाटू नका. सरकारी निकषात जे बसत नाही त्यासाठी तो राखून ठेवा.

पुनर्वसनाची जागा आणि घराचा आराखडा ठरतो तेव्हा बोलायची खरी वेळ असते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. वाचलेल्या ठाकर आदिवासी कुटुंबांना चौक गावाजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं आणि पक्की घरं सिडकोने बांधली. असं पुनर्वसन जिथे जिथे होतं तिथे बघायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: पाडा एकत्र राहतोय का, जंगल आणि शेत पायी गाठता येतं का, आणि घराच्या दारात पायरी आहे की उतार. बांधताना उतार करायला फारसं काही लागत नाही, बांधून झाल्यावर तोडफोड करावी लागते. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८ मध्येच लिहिलंय की पुनर्बांधणी दिव्यांगांच्या सोयीच्या निकषांनुसार आणि राज्य आयुक्तांशी सल्लामसलत करून व्हायला हवी.

घोडबंदर रोड आणि खारघरच्या टॉवरांबद्दल थोडक्यात, कारण तिथलेही लोक हे वाचतील. वीज गेली, लिफ्ट थांबली की बाविसाव्या मजल्यावरचा व्हीलचेअरवरचा माणूस तुमच्या चाळीतल्या माणसापेक्षा जास्त अडकतो. अग्निसुरक्षेचं फॉर्म बी प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत सादर करायचं असतं. त्याच वेळी सोसायटीने अशा रहिवाशांची नावं आणि सोबत्यांची नावं सुरक्षारक्षकाच्या टेबलाखालच्या वहीत ताजी करावीत. जिन्यावरून उतरवायची खास खुर्ची मिळते, ती दोन सोसायट्यांनी मिळून घेतली तरी चालेल.

मे महिन्यात एक सराव करा, संध्याकाळी अंधार पडल्यावर, गल्लीतले दिवे बंद करून. यादीतल्या माणसांना विचारून, त्यांच्या मर्जीने प्रत्यक्ष शाळेपर्यंत न्या. कुठे अडलं ते त्यांच्याकडूनच ऐका आणि तेच लिहून घ्या. त्यांच्यातल्या काहींना कामही द्या. आमच्याकडे नियंत्रणाचा फोन सांभाळणारी सगळ्यात भरवशाची व्यक्ती म्हणजे घराबाहेर फारसं पडता न येणारी एक ताई आहे. कोणत्या गल्लीत कोण पोहोचलं, कोण नाही, हे तिच्या वहीत मिनिटामिनिटाला असतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, नेमकं काय मागायचं. अर्ज दोन करा. एक जिल्हाधिकाऱ्यांना, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून, कलम ८ चा उल्लेख करून: दिव्यांगांची नोंद कुठे आहे, इशारा त्यांच्यापर्यंत कसा पोहोचतो, मेसेज आणि व्हिडिओ कॉलसाठी नंबर कोणता. दुसरा महापालिका आयुक्तांना, प्रत प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांना: निवाऱ्याच्या शाळेत रॅम्प, तळमजल्यावरचे वर्ग, कमोडच्या खुर्च्या, संडासच्या वाटेवर दिवा, दोन स्ट्रेचर. पैसे नाहीत असं उत्तर आलं तर महापालिकेने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, त्यातून ही खरेदी करावी असं लिहा. शाळेचे फोटो जोडा, पायऱ्या मोजून त्यांची संख्या लिहा, आणि अर्जावर मंडळाच्या पदाधिकाऱ्यांबरोबर यादीतल्या ज्यांची इच्छा आहे त्यांच्याही सह्या किंवा अंगठे घ्या. अर्ज फेब्रुवारीत द्या. मे महिन्यात नालेसफाई सोडून दुसऱ्या कशाला कुणाला वेळ नसतो, आणि मार्चअखेर गेली की उरलेला निधीही गेलेला असतो.